फ्रीमध्ये दोन-अडीच जीबी दिसतंय, तरी 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी' का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही उलटं समजलं असेल तर इथेच कळेल. ८ जीबीचा व्हीपीएस आहे, चार कोर, ६४ बिट लिनक्स, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) अजिबात नाही. त्यावर पोस्टग्रेस आणि रेडिस हे दोन डेटाबेस आणि एक जावा अ‍ॅप. रेडिस रात्री बॅकग्राउंड सेव्ह करायला, म्हणजे फोर्क करून स्वतःची एक प्रत काढून तिच्याकडून डेटा डिस्कवर लिहायला जातो तेव्हा लॉगमध्ये 'फोर्क: कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी' येतं, आणि त्याच वेळी फ्री कमांड २.३ जीबी अव्हेलेबल दाखवते. तुम्ही कुठूनतरी एक 'प्रॉडक्शन ट्यूनिंग'ची सिसकंट्रोल (कर्नलच्या सेटिंगची) फाइल उचलून टाकलीय, त्यात ओव्हरकमिट_मेमरी २, ओव्हरकमिट_रेशो ८०, मॅक्स_मॅप_काउंट २,६२,१४४, स्वॅपीनेस १, आणि वरून यूलिमिटने प्रत्येक प्रोसेसला ४ जीबी व्हर्च्युअलचं कुंपण. विचारताय की यातल्या बरोबर व्हॅल्यू कोणत्या, आणि यूजर-कर्नलची ३:१ वाटणी (मेमरीच्या पत्त्यांची जागा प्रोसेस आणि कर्नलमध्ये कशी वाटायची) बदलली तर फायदा होईल का.

बरोबर व्हॅल्यू असा प्रकारच नाहीये, हे आधी सांगून टाकतो. एकाच मशिनवर तुम्ही पोस्टग्रेस आणि रेडिस चालवताय, आणि गंमत बघा, पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशन ओव्हरकमिट २ ठेवा म्हणतं आणि रेडिस सुरू होतानाच लॉगमध्ये १ ठेवा म्हणून ओरडतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्या मशिनवर कोणाचं ऐकायचं हे तुमच्या कामावर ठरणार, फाइल लिहिणाऱ्याच्या नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी' या मेसेजचा अर्थ मेमरी संपली असा आपण सगळेच घेतो, मीही कित्येक वर्षं घेत होतो. पण कर्नल हा एकच एरर निदान तीन-चार वेगवेगळ्या वह्या भरल्यावर देतो. एक वही वचनांची, म्हणजे प्रोसेसेसना किती मेमरी देऊ म्हणून कबूल केलंय. दुसरी तुकड्यांची, एका प्रोसेसच्या अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये किती वेगवेगळे मॅपिंग आहेत. तिसरी यूलिमिटची, त्या प्रोसेसने किती व्हर्च्युअल जागा अडवलीय. आणि खरीखुरी रॅम ही या सगळ्यांपेक्षा निराळी, ती संपली की बहुतेक वेळा एरर येतच नाही, थेट कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर येऊन कोणाला तरी उडवतो. म्हणून माझा एकच नियम आहे, कुठलाही नॉब फिरवायच्या आधी कोणती वही भरली ते बघा.

तुमच्या केसमध्ये ते बघायला दोन मिनिटं पुरतात, कारण मेमइन्फोचे आकडे तुम्ही दिलेच आहेत. मेमटोटल ७.८ जीबी, कमिटलिमिट (वचनांची कमाल मर्यादा) ६.२ जीबी, कमिटेड_एएस (आजवर दिलेली वचनं) ५.४ जीबी. बस, उत्तर इथेच आहे.

ओव्हरकमिट म्हणजे काय ते लग्नाच्या पत्रिकांवरून घ्या. हॉलमध्ये जेवायची सोय ३०० जणांची असते पण आपण पत्रिका ५०० वाटतो, कारण सगळे एकदम येत नाहीत हे घरातल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. लिनक्स डीफॉल्टला असंच वागतो. प्रोसेसने मॅलॉक केलं की कर्नल फक्त पत्रिका देतो, ताट मांडतो ते त्या पानावर पहिल्यांदा लिहिलं जातं तेव्हा. मोड ० मध्ये तो फक्त अगदीच अशक्य मागणी नाकारतो. नव्या कर्नलमध्ये याचा अर्थ एका फटक्यात मागितलेली जागा एकूण रॅम अधिक स्वॅपपेक्षा मोठी असेल तरच नकार, जुन्यामध्ये तो त्या क्षणी मोकळं किती आहे याचा अंदाज घ्यायचा आणि कधीकधी उगाच नाही म्हणायचा. मोड १ मध्ये तो काहीच विचारत नाही. आणि मोड २ म्हणजे असा आचारी जो म्हणतो जेवढी ताटं तेवढ्याच पत्रिका, त्याच्या वर एक पण नाही.

मोड २ मध्ये ताटं किती याचा हिशोब सरळ आहे. रॅम गुणिले रेशो, अधिक सगळा स्वॅप. ह्यूजपेजेस (नेहमीपेक्षा मोठी मेमरीची पानं) बाजूला काढून ठेवली असतील तर ती रॅममधून आधी वजा. रेशो डीफॉल्ट ५० असतो, तुम्ही ८० केलाय, स्वॅप शून्य, म्हणून ७.८ चे ८० टक्के म्हणजे ६.२ जीबी. आता रेडिस सेव्ह करताना फोर्क करतो. फोर्क केल्यावर डेटाची कॉपी लगेच होत नाही, पानं दोघांत वाटून घेतली जातात आणि कोणी लिहिलं की मगच त्या पानाची कॉपी निघते, हे तुम्हाला माहीतच असेल. पण वचनांच्या वहीत मात्र पोराच्या नावावर बापाची सगळी खाजगी लिहिण्याजोगी मेमरी पुन्हा एकदा लिहिली जाते, कारण सिद्धांततः तो सगळी पानं बदलू शकतो. तुमच्या रेडिसमध्ये १.८ जीबी डेटा आहे. ५.४ अधिक १.८ म्हणजे ७.२, आणि लिमिट ६.२. नकार. त्या वेळी रॅम २.३ जीबी मोकळी आहे की ५ जीबी याच्याशी त्या निर्णयाचा काडीचाही संबंध नाही.

म्हणजे आजार सर्व्हरला नव्हताच, त्या फाइलने आणला. असं म्हणून मी तुम्हाला टोमणा मारत नाहीये, कारण माझा स्वतःचा किस्सा याहून वाईट आहे. खूप वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या ३२ जीबीच्या मशिनवर ओओएम किलर दर आठवड्याला डेटाबेस उडवायचा. मी कुठेतरी वाचलं की मोड २ केला की ओओएमची कटकट संपते, आणि शुक्रवारी संध्याकाळी चालू मशिनवर ते टाकलं. स्वॅप नव्हता, रेशो डीफॉल्ट ५०, म्हणजे लिमिट झालं १६ जीबी. आणि कमिटेड आधीच १९ जीबी होतं, जे मी बघितलंच नव्हतं. एंटर मारल्यावर पुढची कुठलीही कमांड चालेना. एलएस टाकलं, फोर्क फेल. सिसकंट्रोलने परत ० करायला गेलो, ती पण वेगळी प्रोसेसच, फोर्क फेल. दुसरं एसएसएच लॉगिन होईना. घाम फुटला. एका सीनियरला फोन लावला, तो शांतपणे म्हणाला की सेशन बंद करू नकोस, इको वापर, इको शेलच्या पोटातच असतं त्याला फोर्क लागत नाही. रूट शेलमधून इको ० करून प्रॉकच्या त्या फाइलमध्ये ढकललं आणि मशिन एका सेकंदात माणसात आलं. मी तेव्हा सुडोने काम करत असतो तर तोही मार्ग बंद होता, कारण सुडो म्हणजे पुन्हा नवीन प्रोसेस.

तर मोड २ वाईट आहे का? नाही. पण तो लावायचा तर आठवडाभर कमिटेड_एएस किती वर जातं ते नोंदवून, आणि स्वॅप देऊन. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, स्वॅपमध्ये एक पान सुद्धा गेलं नाही तरी त्याच्या असण्यानेच लिमिट वाढतं. तुम्ही नुसती ४ जीबीची स्वॅपफाइल बनवली असती तर लिमिट १०.२ झालं असतं आणि तुमचा रेडिस मोड २ मध्येही निवांत सेव्ह झाला असता. फक्त पोस्टग्रेसचं मशिन असेल तर मी आजही मोड २ आणि भरपूर स्वॅप असंच करतो. कारण पोस्टग्रेसच्या एखाद्या बॅकएंडला मेमरी नाकारली तर तो क्वेरी एरर करून पुढे जातो, पण ओओएम किलरने एकच बॅकएंड मारला तरी मुख्य प्रोसेस सगळी कनेक्शन्स तोडून रिकव्हरी करत बसतो. नकार परवडतो, खून नाही परवडत.

तुमच्याकडे मात्र रेडिस सोबत आहे, म्हणून मी ओव्हरकमिट ० वर परत नेईन. १.८ जीबीच्या फोर्कला ८ जीबीच्या मशिनवर नव्या कर्नलमध्ये ० ला काही अडचण यायला नको. उद्या रेडिसने निम्म्याहून जास्त मशिन खाल्लं किंवा कर्नल फार जुना असेल तर १. आणि स्वॅप ४ जीबी द्याच. स्वॅपीनेस १ कशाला केलाय ते मला कळलं नाही. डीफॉल्ट ६० आहे, तो काही 'इतके टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू' असा आकडा नव्हे, हा गैरसमज इतका पसरलाय की विचारू नका. मेमरी कमी पडली की फाइल कॅशची पानं टाकायची की प्रोसेसची पानं स्वॅपला पाठवायची, यातला तो कल आहे. १ केला की कर्नल आधी फाइल कॅश ओरबाडतो, आणि तुमच्याकडे तर पोस्टग्रेस त्याच कॅशवर जगतो. मी २० ते ६० मध्ये कुठेही ठेवतो आणि विसरून जातो.

आता यूलिमिट. तुम्ही लिहिलंय की टॉपमध्ये जावाचं व्हर्ट ६ जीबी दिसतंय, लीक असणार, म्हणून ४ जीबीचं कुंपण घातलं. व्हर्ट बघून घाबरू नका, व्हर्ट म्हणजे सातबाऱ्यावरची जमीन आणि रेस म्हणजे प्रत्यक्ष पेरलेली. जावा सुरू होतानाच हीपच्या कमाल आकाराएवढी जागा अडवून ठेवतो, तुमची २ जीबी. क्लासेसच्या माहितीसाठी आणखी १ जीबी डीफॉल्ट, जिट कंपायलरच्या कोडसाठी साधारण २४० एमबी. प्रत्येक थ्रेडला स्टॅक. त्यात जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक ६४ बिटवर कोअरच्या आठपट एरिना (थ्रेड्ससाठी मेमरीचे वेगळे साठे) बनवू शकतो, प्रत्येकाला ६४ एमबी अडवून. चार कोरला ३२ एरिना, म्हणजे २ जीबी नुसती कागदावर. बेरीज करा, ६ च्या जवळ येतेच की. लीक कुठे आहे यात? असलाच तर तो रेसमध्ये दिसेल, आणि दिवसागणिक चढताना दिसेल. खरं वापरलेलं बघायचं तर त्या प्रोसेसच्या प्रॉक डिरेक्टरीत स्मॅप्स_रोलअप नावाची फाइल असते, त्यातला पीएसएस बघा, शेअर्ड पानं त्यात वाटून मोजलेली असतात.

आणि हो, ही अडवलेली जागा वचनांच्या वहीत पण बहुतेक चढत नाही, कारण जावा ती आधी वाचायची-लिहायची परवानगी न घेता नुसती राखून ठेवतो आणि लागेल तशी उघडतो. म्हणून व्हर्टची बेरीज आणि कमिटेड_एएस यांचा मेळ कधीच बसत नाही, बसवायला जाऊ नका, माझा एक अख्खा रविवार त्यात गेलाय.

४ जीबीचं कुंपण खरंच लागलं असतं तर जावाचं व्हर्ट ४ च्या वर जाऊच शकलं नसतं. ते ६ दिसतंय याचा अर्थ लिमिट लागलेलंच नाही. तुम्ही ते लिमिट्स.कॉन्फमध्ये टाकलंय ना? ती फाइल लॉगिन होताना पॅम (लॉगिन तपासणारी व्यवस्था) वाचतो. सिस्टमडीने (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सुरू केलेल्या सर्व्हिसला लॉगिन नसतं, ती त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. नशीब समजा. ती ओळ काढून टाका. आणि यूलिमिटमध्ये रेसचं एक वेगळं लिमिट पण दिसतं, त्याच्या नादी लागू नका, आजच्या लिनक्समध्ये त्याचा काही परिणाम होत नाही, शोभेचं आहे.

प्रोसेसच्या खऱ्या वापराला वेसण घालायची जागा म्हणजे सीग्रूप, प्रोसेसेसच्या गटाला मर्यादा घालायची कर्नलची सोय. सिस्टमडीच्या युनिटमध्ये मेमरीमॅक्स लिहिलं की झालं. तुमच्या मशिनवर मी अंदाजे असं वाटेन: जावाची हीप २ वरून १.५ जीबीवर आणायची आणि त्या सर्व्हिसला मेमरीमॅक्स २.५, कारण हीपच्या बाहेर पण जावा बरंच काही खातो. रेडिसला त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मॅक्समेमरी २ आणि सीग्रूपचं ३.५, कारण सेव्ह चालू असताना लिखाण जोरात झालं तर कॉपी निघालेल्या पानांनी वापर वाढतो, अगदी वाईट दिवशी जवळपास दुप्पट होऊ शकतो. उरलेलं पोस्टग्रेस आणि सिस्टमला, पोस्टग्रेसला मी कुंपण घालत नाही, फक्त त्याच्या मुख्य प्रोसेसचा ओओएम स्कोअर बराच खाली ओढतो. हे आकडे देवाने दिलेले नाहीत, तुमचं लिखाण किती आहे त्यावर रेडिसचा ३.५ चा २.८ होईल किंवा तुम्हाला मोठं मशिन घ्यावं लागेल.

सीग्रूपचा फायदा हा की घरातलं भांडण घरातच मिटतं. जावा फुगला तर जावाच मरतो, शेजारचा डेटाबेस नाही. पण दोन खाचखळगे. एक, सीग्रूपच्या मोजणीत फाइल कॅश पण धरलेला असतो, त्यामुळे आकडा लिमिटला चिकटलेला दिसला तरी लगेच दचकायचं नाही, कॅश टाकून देता येतो. दोन, सर्व्हिसमधली एखादी पोर-प्रोसेस ओओएमने मेली तर सिस्टमडी डीफॉल्टला अख्खी सर्व्हिस थांबवतो. रेडिसचं सेव्ह करणारं पोर मेलं म्हणून चालता रेडिस बंद, असं नको असेल तर ओओएमपॉलिसी कंटिन्यू करून ठेवा.

मॅक्स_मॅप_काउंटचं थोडक्यात. ही तुकड्यांची वही. कर्नलचं डीफॉल्ट ६५,५३० आहे, आणि हा विचित्र आकडा कुठून आला तर कोअर डंपच्या एल्फ फाइलमध्ये तुकड्यांचा काउंट १६ बिटांत मावायचा म्हणून ६५,५३५ मधून ५ वजा. २,६२,१४४ ही इलॅस्टिकसर्चची मागणी, ती प्रत्येक ट्यूनिंग फाइलमध्ये घुसलीय मग इलॅस्टिकसर्च असो वा नसो. तुमच्याकडे नाही. ठेवलं तरी नुकसान नाही, फेडोराने ३९ पासून डीफॉल्टच दहा लाखांच्या वर नेलंय. संशय असेल तर त्या प्रोसेसच्या मॅप्स फाइलमधल्या ओळी मोजा, काही हजारांच्या आत असेल तर हा विषय बंद. एवढं मात्र ध्यानात ठेवा की ही वही भरली तरी एरर तोच येतो, कॅनॉट अ‍ॅलोकेट. आणि पुढे कंटेनरमध्ये गेलात तर ही आणि ओव्हरकमिटची सेटिंग होस्टवर करावी लागते, कंटेनरला स्वतःची वेगळी मिळत नाही.

याउलट फोर्क 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' म्हणून फेल झाला तर तो मेमरीचा मामला नसतोच बहुधा, प्रोसेस-थ्रेडच्या संख्येचं लिमिट बघा, सिस्टमडीचं टास्क्समॅक्स सगळ्यात आधी.

राहिली ३:१ वाटणी. तुम्ही वाचलेला लेख ३२ बिटच्या काळातला असणार. तेव्हा एकूण अ‍ॅड्रेस स्पेसच ४ जीबी, त्यातले ३ यूजरला १ कर्नलला, आणि कर्नलला थेट हाताळता येणारी रॅम ८९६ एमबी. त्या काळात १६ जीबीच्या मशिनवर १० जीबी मोकळी असताना ओओएम किलर सुटलेला मी पाहिलाय, कारण कर्नलची ती खालची ८९६ एमबीच भरलेली. व्हीमॅलॉकची (कर्नलच्या स्वतःच्या मॅपिंगची) जागा संपली म्हणून ड्रायव्हर लोड व्हायचा नाही, मग बूटच्या ओळीत ती वाढवायची, तेवढी खालची मेमरी कमी व्हायची. एकाची टोपी दुसऱ्याला. तेव्हा २:२ वाटणी करून कर्नल परत कंपाइल करण्यात खरंच अर्थ होता. ६४ बिट एक्स८६ वर आज चार पातळ्यांच्या पेज टेबलने ४८ बिट मिळतात, १२८ टीबी यूजरला आणि १२८ टीबी कर्नलला. पाच पातळ्यांत ५७ बिट, त्याहून कितीतरी जास्त. तुमच्या ८ जीबीला १२८ टीबीची वाटणी कमी पडणार नाही, आणि ती बदलायचं सेटिंगही तिथे नाही. पत्ते रँडम करणारं सेटिंग २ वर आहे ते तसंच राहू द्या, ० करून मेमरी वाचते असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

करायचा क्रम असा ठेवा. आधी एक रूट शेल उघडा आणि काम संपेपर्यंत ती खिडकी बंद करू नका, कारण वर सांगितलंच. स्वॅपफाइल बनवून चालू करा. मग ओव्हरकमिट ० करा, आणि सिसकंट्रोल.डी मधली ती ९९ ने सुरू होणारी फाइल पण दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या रीबूटला २ परत येईल आणि तुम्ही मला शिव्या घालाल. रेडिसमध्ये हाताने बीजीसेव्ह (तीच बॅकग्राउंड सेव्हची कमांड) मारा आणि दुसऱ्या खिडकीत मेमइन्फोचं कमिटेड_एएस बघत बसा, ते ७.२ च्या आसपास उडी मारेल आणि सेव्ह संपला की खाली येईल, अव्हेलेबल मात्र फारसं हलणार नाही. सीग्रूपची लिमिट्स त्यानंतर, एका दिवशी एकच सर्व्हिस. आणि एवढं करूनही सेव्ह फेल झाला तर डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा, त्यात 'किल्ड प्रोसेस'ची ओळ असेल तर खरी रॅम किंवा सीग्रूप संपलाय, नसेल तर बीजीसेव्ह चालू असतानाचं मेमइन्फो आणि कर्नलचं व्हर्जन इथे टाका.